मधुमेही पाय आणि चालण्याचा शिरस्ता

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रोग्याला जे उपचार सांगितले आहेत, त्यांत निर्धन माणसासाठी एक मोठी विलक्षण तजवीज आहे. त्याने पादत्राण आणि छत्र यांचा त्याग करावा, भिक्षा मागून खावे, एका गावी एका रात्रीहून अधिक मुक्काम करू नये आणि मुनीसारख्या संयमाने शंभर योजने, किंवा त्याहूनही अधिक, चालून जावे. ज्याच्यापाशी औषधाला पैसा नाही त्याचे पायच त्याचे औषध, असा या योजनेमागचा आशय असावा, आणि तो आशय आजच्या वैद्यकालाही शिरसावंद्य आहे. परंतु त्याच उपदेशातला 'पादत्राणाविना' हा एक शब्द आजचा कोणताही जाणता डॉक्टर मधुमेही माणसाच्या बाबतीत साफ नामंजूर करील. चालावे, पण अनवाणी चालू नये. पाय राबवावे, पण राबवण्यापूर्वी आणि राबवल्यानंतर त्यांची झडती घ्यावी, एवढ्याच गोष्टी सविस्तर सांगण्याचा या लेखाचा मनोदय आहे.

तलासरी आणि डहाणू या भागात हे सांगण्याची निकड निराळी आहे. १९४५ च्या मे महिन्यात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने झरी येथे वारल्यांची जी परिषद भरली, तिला हजारो माणसे पाड्यापाड्यांतून आली, ती काही गाडीघोड्याने आली नव्हती. बाजार, दवाखाना, कचेरी, सोयरीक, महालक्ष्मीची जत्रा, सगळे पायी उरकणारा हा मुलूख होता. पुढे १९६० साली राज्याची वाटणी होऊन उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली, तरी माणसांचे येणेजाणे तुटले नाही. फरक इतकाच पडला की आज पहाटे पाड्यावरून निघालेला तरुण रिक्षाने किंवा मोटारसायकलने उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातो, तिथे यंत्रापुढे पाळी संपेपर्यंत उभा राहतो आणि तसाच वाहनाने परत येतो. दिवसभर उभे राहिल्याने पाय थकतात खरे, पण थकणे म्हणजे व्यायाम घडणे नव्हे. उभ्या माणसाच्या पोटऱ्यांना आकुंचन-प्रसरणाची संधीच मिळत नाही आणि संध्याकाळी घोट्याशी सूज तेवढी उरते. मधुमेह हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा रोग, ही समजूतही आता दप्तरी दाखल करण्यापलीकडे उपयोगाची राहिलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे, आणि तीत खेड्यांचा वाटा लहान नाही.

पायांचे काय होते ते आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण न समजता केलेला व्यायाम या रोगात अपाय करतो. रक्तातील वाढलेली साखर पायांवर दोन बाजूंनी चालून येते. एक म्हणजे रोहिण्यांच्या भिंती आतून जाड व कठीण होतात आणि विशेषतः गुडघ्याखालच्या, मुळातच बारीक असलेल्या, रोहिण्या अरुंद होत जातात. दुसरे म्हणजे ज्ञानतंतू झिजतात. आधी पायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, आणि मग एक दिवस हे सगळे त्रास आपोआप थांबतात. घरची माणसे म्हणतात, बरे झाले, गुण आला. खरे म्हणजे तक्रार करणाराच उठून गेलेला असतो. याखेरीज घाम आणणारे व रक्तवाहिन्यांचे आकुंचन सांभाळणारे तंतूही निकामी होत असल्यामुळे कातडी कोरडी पडून टाचांना भेगा जातात, आणि पुष्कळदा रक्त त्वचेचे पोषण न करता आडवाटेने परत फिरते. सबब पाय हाताला कोमट लागला म्हणजे त्याला रक्त पुरेसे मिळते आहे, असा निर्वाळा देता येत नाही.

व्यायामाने बंद पडत चाललेली मुख्य रोहिणी पुन्हा मोकळी होते, असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. व्यायामाने जे होते ते वेगळे आणि तरीही मोलाचे आहे. तलासरीजवळ अहमदाबादकडचा हमरस्ता एखाद्या उलटलेल्या ट्रेलरमुळे तुंबला म्हणजे लहान गाड्या जशा पाड्यांमधल्या रस्त्यांनी वाट काढतात, तसे अरुंद झालेल्या रोहिणीच्या आजूबाजूच्या बारीक फांद्या, स्नायूंकडून पुन्हा पुन्हा मागणी झाली म्हणजे, हळूहळू रुंदावतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून त्यांना सैल करणारे द्रव्य अधिक स्रवते. स्नायू मिळालेला प्राणवायू अधिक काटकसरीने वापरण्यास शिकतात. पोटऱ्यांच्या आकुंचनाने निळ्या शिरांतील रक्त वर ढकलले जाऊन सूज उतरते. आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर उचलतो. हा सगळा लाभ आठवड्यांच्या हिशेबाने मिळतो, दिवसांच्या नव्हे, आणि व्यायाम सोडला की तितक्याच निमूटपणे निघून जातो.

आता झडती. एखाद्या सकाळी उजेडात, पाय धुऊन, ओट्यावर बसून आरंभ करावा. घोट्याच्या आतल्या बाजूचे जे उंच हाड आहे, त्याच्या पाठीमागे, हाड आणि टाचेची जाड शीर यांच्या दरम्यानच्या खळगीत, हाताची तीन बोटे हलकी टेकवावी. अंगठा वापरू नये, कारण अंगठ्याला स्वतःचेच ठोके जाणवतात, आणि दाबू नये, कारण दाबाने नाडी बुजते. थोडा धीर धरला म्हणजे तेथे ठोका लागतो. दुसरी नाडी पावलाच्या वरच्या बाजूस, अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या मधून निघालेल्या रेषेत, पावलाच्या उंचवट्यावर सापडते. ही वरची नाडी काही निरोगी माणसांतही मिळत नाही, म्हणून तिच्या एकटीच्या गैरहजेरीने घाबरू नये. परंतु एका पायाच्या दोन्ही नाड्या लागत नसतील तर व्यायामाचा आरंभ डॉक्टरांना दाखवल्यावरच करावा. त्यांच्यापाशी घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे प्रमाण काढण्याची रीत असते. हे प्रमाण ०.९ च्या खाली आले तर रोहिण्या अरुंद झाल्या असे समजतात. मात्र मधुमेहात रोहिण्यांच्या भिंती चुन्यासारख्या कठीण होऊन हाच आकडा खोटेपणाने मोठा दिसू शकतो, हेही ते जाणून असतात.

संवेदनेची परीक्षा याहून सोपी आहे आणि तिला कसलेही साधन लागत नाही. इंग्लंडातील इप्सविच येथील डॉक्टरांनी ती रूढ केली. रोग्याने डोळे मिटावे. घरातल्या दुसऱ्या कोणी आपल्या बोटाचे टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या शेंड्याला, दोन्ही पायांना मिळून सहा ठिकाणी, क्षण-दोन क्षण केवळ टेकवावे, आणि रोग्याने स्पर्श कळताच 'उजवा' किंवा 'डावा' असे म्हणावे. टोचू नये, घासू नये, एका ठिकाणी दुसऱ्यांदा स्पर्श करू नये. नातवंडे हे काम उत्साहाने करतात आणि गुदगुल्या करण्याचा मोह त्यांना आवरत नाही, एवढाच काय तो धोका. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर त्या माणसाने आपले पाय बधिर आहेत असे धरून चालावे आणि यापुढचे सगळे नियम त्याला अधिक कडकपणे लागू आहेत असे समजावे.

काहींना चालण्याचा व्यायाम तूर्त मनाच आहे. ज्यांच्या पावलावर उघडी जखम आहे. ज्यांचे एखादे बोट काळे-निळे पडले आहे. ज्यांना बसल्या-निजल्या जागी, विशेषतः रात्री, पायांत कळा येतात आणि पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावरच बरे वाटते. ज्यांचे एक पाऊल अचानक सुजून लाल व गरम झाले आहे, मग ते दुखत नसले तरी. त्यांनी चालून पाहण्याच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. न दुखणाऱ्या गरम सुजेत आतली हाडे मऊ होऊन मोडत असण्याचा संभव असतो, आणि अशा पायावर टाकलेले प्रत्येक पाऊल नुकसानीचे असते. कोणी आधी भगताकडे जात असेल तर त्यावरून भांडत बसण्यात अर्थ नाही. मात्र तलासरीचे ग्रामीण रुग्णालय किंवा कासा, डहाणूची उपजिल्हा रुग्णालये यांपैकी जवळचे जे असेल तेथेही त्याच दिवशी गेले पाहिजे, कारण मधुमेही पायाची जखम दुसऱ्या आठवड्याची मुदत देत नाही. चालताना छातीत दडपण येत असेल, किंवा डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झाल्याचे सांगितले गेले असेल, तर त्यांनीही आधी विचारावे.

ज्यांना अशी मनाई नाही त्यांच्यासाठी चालणे हाच अव्वल दर्जाचा व्यायाम, आणि पायांतील रक्ताभिसरणासाठी त्याच्याइतका पुरावा दुसऱ्या कोणत्याही व्यायामाच्या पाठीशी नाही. त्याची रीत मात्र सामान्य फेरफटक्याहून निराळी आहे. रोहिण्या अरुंद झालेल्या माणसाला काही अंतर चालल्यावर पोटरीत गोळा आल्यासारखी वेदना होते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ती विरते. स्वाभाविकपणे तो वेदनेची चाहूल लागताच थांबतो, पुढे तेवढेही चालेनासा होतो, आणि शेवटी घराच्या पडवीपुरता उरतो. उपचार याच्या उलट आहे. डॉक्टरांनी या वेदनेचे कारण रोहिण्यांतच आहे असे सांगितल्यावर, अशा चालीने चालावे की तीन ते पाच मिनिटांत वेदना सुरू व्हावी. ती सुरू झाली तरी लगेच न थांबता मध्यम होईपर्यंत चालत राहावे. मग एखाद्या कठड्यावर किंवा बांधावर बसून ती पुरती जाईपर्यंत विश्रांती घ्यावी. आणि पुन्हा उठून चालू लागावे. असे चालणे-बसणे मिळून आरंभी अर्धा तास, पुढे दर आठवड्याला थोडी वाढ करीत पाऊण तासापर्यंत न्यावे, आठवड्यातून निदान तीन दिवस, आणि निदान बारा आठवडे. पहिल्या पंधरवड्यात काहीच पदरात पडत नाही व माणूस निराश होतो. म्हणून किती वेळाने बसावे लागले ते पोराच्या वहीत तारीखवार टिपून ठेवण्याची सूचना मी आवर्जून करीन. महिन्या-दोन महिन्यांनी तो हिशेब वाचताना जी खात्री पटते ती कोणाच्या उपदेशाने पटत नाही.

परंतु ज्यांची सहा स्पर्शांची परीक्षा बिघडली आहे, त्यांनी वेदनेवर भरवसा ठेवू नये. त्यांना वेदनेऐवजी घड्याळ पाहिजे. दहा मिनिटे चालावे, थांबावे, पायांतले काढून तळवे पाहावे, आणि त्या दिवशी ठीक असेल तर दुसरी दहा मिनिटे घ्यावी. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने जेवणानंतरची साखरही उतरते, असा दुहेरी लाभ आहे. पावले लहान टाकावी. लांब ढांग टाकणाऱ्याच्या चवड्यावर शेवटच्या क्षणी मोठा दाब येतो. आखूड पावलाने तो दाब कमी होतो. आठवड्याची बेरीज दीडशे मिनिटांपर्यंत जावी आणि लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा पडू नये, हा सर्वसाधारण दंडक. पण ज्याला पन्नास मिनिटेच साधतात त्याने दीडशेच्या धाकाने पन्नासही सोडू नयेत.

चालून आल्यावर करावयाची एक गोष्ट पॉल ब्रँड यांच्या कार्यातून आली आहे. १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेल्या या शल्यवैद्याने वेल्लोरच्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांचे हातपाय वर्षानुवर्षे पाहून असे दाखवून दिले की, बोटे झडतात ती रोग त्यांना खातो म्हणून नव्हे, तर वेदना नसल्यामुळे रोगी त्यांना रोज नकळत इजा करतो म्हणून. पुढे अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथे त्यांनी हीच दृष्टी मधुमेही पायांना लावली, आणि मधुमेहाच्या वैद्यकाने ती उचलली. जखम होण्यापूर्वी तो भाग गरम होतो, हे त्यांचे सांगणे फार उपयोगी आहे. चालून आल्यावर थोडा वेळ बसून, हाताच्या पाठीने दोन्ही तळवे जागोजाग चाचपावे. डाव्या चवड्याची एखादी जागा उजव्या चवड्यावरील त्याच जागेपेक्षा स्पष्ट ऊन लागली आणि तासाभरानेही ती निवली नाही, तर त्या जागेवर दाब जास्त पडतो आहे असा तो इशारा. दुसऱ्या दिवशी चालणे बंद ठेवून चपलेचा तळ, तेथे वाढलेला घट्टा किंवा रुतलेला खडा शोधावा. घट्टा किंवा कुरूप असल्यास ते पात्याने स्वतः तासू नये, आणि बाजारातला तेजाबी लेपही लावू नये.

पावसाळ्यात, आजारात किंवा म्हातारपणी ज्यांना बाहेर चालणे साधत नाही, त्यांच्यासाठी खाटेवरचा एक जुना क्रम आहे. लिओ बर्गर या न्यूयॉर्कच्या शल्यवैद्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो सुचवला आणि बॉस्टनच्या आर्थर ॲलन यांनी त्यात पावलांच्या हालचालींची भर घातली, म्हणून तो या दोघांच्या नावाने ओळखला जातो. उताणे निजून, पायांखाली गोधड्यांची वळकटी किंवा उपडा पाट ठेवून, पाय हृदयाहून उंच, साधारण पंचेचाळीस अंशांच्या उतारावर येतील असे करावे आणि तळवे फिकट होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटे, तसे राहावे. मग उठून खाटेच्या कडेला बसावे, पाय खाली सोडावे आणि त्यांत पुन्हा लाली येईपर्यंत, तीन ते पाच मिनिटे, चवडे वर-खाली करावे, घोटे आत-बाहेर वळवावे, बोटे मिटावी व उघडावी. त्यानंतर पाय सपाट ठेवून पाच मिनिटे स्वस्थ पडावे. असे तीन ते सहा फेरे होतात आणि दिवसातून दोन-तीनदा करता येतात. खाट सुंभाची असेल तर कडेची दोरी मांडीमागे रुतून रक्त अडवते, म्हणून तेथे घडी केलेले पांघरूण घालावे. पाय लोंबते सोडायचे ते जमिनीला जेमतेम टेकतील इतके. या क्रमाने घोट्याच्या रक्तदाबाचे प्रमाण सुधारल्याचे लहान लहान अभ्यासांतून दिसले आहे, पण चालण्याच्या पुराव्याशी त्याची बरोबरी होत नाही. चालता येणाऱ्याने चालणे टाकून खाट धरू नये. ज्यांना निजल्या जागी पायांत कळा येतात, ज्यांचे बोट काळे पडले आहे, ज्यांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे किंवा ज्यांचे हृदय दुर्बल आहे, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून पाय असे उंच करू नयेत.

बसल्या बसल्या करण्याजोगे आणखीही पुष्कळ आहे. टाच टेकवून चवडा उचलणे, चवडा टेकवून टाच उचलणे, गुडघा सरळ करून पाय समोर धरणे, असे प्रत्येकी दहा-पंधरा वेळा; जमिनीवर टाकलेले फडके पायाच्या बोटांनी गोळा करून पुन्हा पसरणे; भिंतीला किंवा खांबाला हात लावून, पायांत चप्पल ठेवून, टाचांवरून चवड्यांवर चढणे आणि सावकाश खाली येणे. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याने हे शेवटचे दर अर्ध्या तासाने दहा वेळा केले, तर मुकादमाचे काही बिघडत नाही आणि संध्याकाळची सूज बरीच कमी होते. पाय फार बधिर असतील तर बसूनच करावे. तोल जाण्याचा धोका पत्करण्याइतका तो व्यायाम मोठा नाही.

साखरेबद्दल थोडक्यात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी, उपाशीपोटी चालायला जाऊ नये. घाम फुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी, अकारण चिडचिड, ही साखर घसरल्याची लक्षणे. तेव्हा तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी. डहाणू-घोलवडकडचे लोक अशा वेळी खिशातला चिकू काढतात. चिकू गोड असला तरी त्याची साखर चोथ्यासह सावकाश उतरते, तेव्हा पुडीत बांधलेली साखरच बरी, चिकू मागाहून खावा.

या मुलखात पायांना धोके ऋतूप्रमाणे येतात. आवणीच्या दिवसांत खाचरात तासन् तास चिखलात उभे राहिल्याने कातडी भिजून पांढरी पडते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि भिजल्या कातडीत धसाचे किंवा काट्याचे टोक शिरलेले बधिर पायाला कळत नाही. अशा माणसाला घरच्यांनी बांधावरचे काम द्यावे. खाचरात उतरणे अटळच असेल तर आत कोरडा मोजा घालून बूट वापरावे, तासा-दीड तासाने बाहेर यावे, पाय धुवावे, बेचके कोरडे करावे. कोरड्या टाचांना खोबरेल लावावे, बेचक्यांत लावू नये. भाताच्या कापणीनंतर खळ्यावर तारपा घुमू लागतो; एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरत, लयीत पाय टाकणारा हा नाच म्हणजे पोटऱ्यांचा उत्तम व्यायाम आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला 'व्यायाम कर' असे सांगण्यापेक्षा 'नाचायला ये' असे सांगणे केव्हाही सोपे. मात्र त्याच्या पायांत बंद असलेली सँडल असावी आणि रात्र चढेपर्यंत त्याने नाचत राहू नये. थंडीत शेकोटीपाशी पाय पसरून बसण्याची सवय घातक आहे. बधिर तळवा भाजून फोड आल्यावरच ध्यानात येते. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, उकळत्या पाण्यात पाय बुडवणे, हे सगळे याच सदरातले. उन्हाळ्यात डांबरी रस्ता आणि देवळासमोरची फरशी दुपारी इतकी तापते की अनवाणी दर्शनाला गेलेला मधुमेही तळव्यांवर फोड घेऊन परततो. सकाळचे दर्शन घ्यावे. बोर्डी, झाईच्या किनाऱ्यावर ओहोटीची घट्ट वाळू चालायला मोठी सुखाची, परंतु तीत शिंपल्यांच्या धारा आणि मासळीचे काटे असतात, म्हणून तेथेही पायांत काही हवेच. हमरस्त्याच्या कडेने चालणे तर कोणीच करू नये. गावातले शाळेचे पटांगण त्यासाठी पुरेसे आहे.

बिडीविषयी सौम्यपणे लिहिणे मला जमत नाही. ज्या बर्गरच्या व्यायामाचे वर्णन वर आले, त्यानेच १९०८ साली तंबाखू ओढणाऱ्यांच्या पायांतील रक्तवाहिन्या बंद पाडणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले, आणि तो रोग आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. मधुमेह आधीच रोहिण्या अरुंद करीत असताना वरून बिडी ओढणारा माणूस सकाळी चालून जे कमावतो ते दुपारी फुंकून टाकतो. रक्तदाब व चरबी यांच्या गोळ्या लिहून दिलेल्या असतील तर त्याही व्यायामाच्या भरवशावर बंद करू नयेत.

आणखी एक बाब खास या भागाची. वारली व अन्य आदिवासी समाजांत सिकलसेलचा वारसा आढळतो. तो रोग असणाऱ्याला घोट्याच्या जवळ चिवट जखमा होतात, ज्या मधुमेहाच्या समजून चुकीचा उपचार होऊ शकतो. शिवाय त्यांच्या तांबड्या पेशी अल्पायुषी असल्यामुळे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी त्यांच्यात प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवते. घरात सिकलसेलचे कार्ड असेल तर मधुमेहाच्या तपासणीला जाताना ते बरोबर न्यावे आणि मागितले नाही तरी दाखवावे.

राहिले पादत्राण. अंगठ्यात अडकवायची रबरी चप्पल धरून ठेवण्यासाठी पायाची बोटे सतत आवळावी लागतात. बधिर पायातून ती चालता चालता निसटते आणि माणसाला पत्ता लागत नाही, शिवाय तिचा पट्टा पहिल्या बेचक्यात घासतो. म्हणून मागे पट्टा असलेली, पुढून रुंद, आतून मऊ आणि खालून कठीण अशी सँडल घ्यावी. कुष्ठरोग्यांसाठी सूक्ष्मरंध्री रबराची जी चप्पल वापरात आहे, ती एमसीआर चप्पल या नावाने मागितल्यास मिळते आणि मधुमेही पायालाही ती मानवते. खरेदी संध्याकाळी करावी, कारण तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. उभे राहून माप घ्यावे आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवावी. नवे पादत्राण पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे वाढवत न्यावे. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी आत हात फिरवावा. पावसाळ्यात तर उपडे करून आपटावेही, कारण विंचू आणि खडा यांना आत शिरायला परवानगी लागत नाही. दिवाळीनंतर जी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर मुक्कामाला जातात, त्यांनी निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रातून मुदतीपुरत्या गोळ्या आणि आपले तपासणीचे कागद घ्यावे, भट्टीवरची गरम राख लक्षात ठेवून बंद बूट बरोबर न्यावे, आणि तळवा दिसण्यासाठी एक लहानसा आरसा सामानात टाकावा. ज्याची नजर अधू आहे त्याचे तळवे घरातल्या दुसऱ्या कोणी रोज रात्री दिव्याजवळ पाहावे.